थरथर मोजायचा हंगाम

हळवं भात पिवळं पडायला लागलं की माझं घरात चित्त राहत नाही. आज सकाळी बांधावर गेले तर खालच्या खाचरात लोंब्या वाकल्या होत्या, वरचं खाचर अजून हिरवट होतं, आणि मधल्या बांधावरच्या तेरड्याची बोंडं नुसता पदर लागला तरी फुटत होती. तोरण्याच्या माथ्यावर ढग होता, पण त्यात आता जोर नव्हता. उद्या खंडेनवमी. विळे, कोयते, खुरपी, कुदळी, सगळं परसात काढून ठेवलंय. राखेनं घासायचं, धुवायचं, पुसून वर तेलाचं बोट फिरवायचं, पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं आणि एक दिवस सगळ्यांना विसावा द्यायचा. दरवर्षी हे करते. पण अलीकडं विळा हातात घेतला की मला काचेची एक लांब नळी आठवते. अंगात वारं भरल्यासारखं होतं, आणि हातातलं काम सोडून ते सगळं लिहून काढावंसं वाटतं. आज लिहितेच.

ती नळी पाहिली तेव्हा माझी सारिका पुण्यात एका प्रयोगशाळेत शिकत होती. विंझरची शाळा झाली, भोरचं कॉलेज झालं, आणि मग पुण्याला गेली ती तिथल्या यंत्रांतच अडकली. प्रयोग करायचे, त्यावर मोठा प्रबंध लिहायचा, मग नावामागं डॉक्टर लागतं. पण सुई टोचणारी डॉक्टर नाही. हे गावात समजावून सांगायचं म्हणजे मला संकटच. माझं शिक्षण चौथी, आणि चारचौघींत बोलायचं म्हटलं की माझा आवाज पोटातच राहतो. पाणवठ्यावर कुणी विचारलं की मी "व्हय, डॉक्टर व्हनार हाय" एवढंच म्हणून कळशी उचलायचे. त्यामुळं आळीतल्या दोन म्हाताऱ्या आपापले गुडघे सारिकासाठी राखून बसल्या होत्या.

मलाही कुठं ठाऊक होतं? गणपतीच्या सुटीत ती घरी आली तेव्हा भात पोटरीत आलं होतं. दिवेलागणीच्या आधी आम्ही दोघी बांधावर बसलो होतो. मी विचारलं, "सारे, तू तितं दिवसभर करतीस तरी काय?"

"पानी कशाचं बनलंय, ठाव हाय का आई?"

"पानी कशाचं बनंल? पानी पान्याचं."

तिनं तीन खडे उचलून माझ्या तळहातावर ठेवले. एक मोठा, दोन बारके. "हे दोन बारके म्हंजी हायड्रोजन. ह्यो मोठा ऑक्सिजन. तिघं मिळून झालं पानी. आता ह्यातला एक बारका गेला." तिनं एक खडा खाचरात टाकला. "जे उरलं त्याचं नाव हायड्रॉक्सिल. हे लई येळ एकटं ऱ्हात न्हाई. भेटंल त्याला जाऊन चिकटतं."

"मग त्याचं तू काय करतीस?"

"ते कदी कदी जन्मल्या जन्मल्या थरथरत असतं. म्हंजी ह्या दोघांच्या मदी जनू स्प्रिंग हाय. ती ताणती, आखडती, पुन्ना ताणती. ती थरथर किती येळ टिकती ते मोजायचं. तेच माजं काम."

थरथर म्हटल्याबरोबर मला कळलं. गाय व्याली की वासरू ओलंचिंब बाहेर येतं आणि उभं राहायच्या आधी सगळं अंग थरथरवतं. त्या थरथरीला भीती म्हणत नाहीत, थंडीही म्हणत नाहीत. नुकतंच जग मिळाल्याची ती थरथर असते. मी सारिकाला तसं म्हटलं, तर ती माझ्याकडं बघतच राहिली. मग आभाळाकडं बोट करून बोलत सुटली, इतकी की डास चावत होते त्याचंही तिला भान नव्हतं.

विमान जातं त्याच्याही कितीतरी वर हवा अगदी विरळ होते. तिथं हायड्रोजनची आणि ओझोनची गाठ पडते. ओझोन म्हणजे ऑक्सिजन तिघं एकत्र. त्यातल्या एकाला हायड्रोजन ओढून घेतो, आणि त्या ओढाताणीतली ताकद नव्या जोडीच्या अंगात शिरते. वर गर्दी नाही. कुणाचा धक्का लागायच्या आत ती थरथर उजेड होऊन बाहेर पडते. सगळ्या आभाळभर तो उजेड असतो, आपल्या या खाचरांवरही असतो, फक्त आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. आणि खाली, जिथं हवा दाट, तिथं शेजारपाजाऱ्यांचे धक्के लागून ती थरथर उजेड न होताच विझते.

"कोनाच्या धक्क्यानं किती लौकर इझती, तेच मोजायचंय," सारिका म्हणाली.

लग्नाच्या मांडवात शिरले की माझे शब्द कसे विझतात ते मला माहीत आहे. म्हणून हे शास्त्र मला परकं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना मी तो शब्द म्हणून पाहिला. हाय-ड्रॉक्-सिल. तीन थापांत बरोबर बसतो. चुलीपुढं कुणी नव्हतं, म्हणून चांगला मोठ्यानं म्हटला.

त्याच सुटीत तिनं अडचणही सांगितली. न दिसणारा उजेड टिपणारं यंत्र त्यांच्याकडं नव्हतं. दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेकडून ते मागून आणलं होतं आणि दिवाळीच्या आत परत द्यायचं होतं. बाकीची मोजमापं झाली होती. ऑक्सिजनच्या धक्क्याचं तेवढं राहिलं होतं, आणि प्रबंधाचा सगळा भार त्यावरच होता. ते राहिलं तर यंत्र पुन्हा मिळायला वर्ष जाणार. "एक वरीस म्हंजी काय, आई, तुला म्हनून सांगते," ती म्हणाली, "तवर दुसरं कोनतरी मोजून मोकळं व्हईल. मग माज्या मोजण्याला कोन इचारतंय."

तिच्या तोंडून रडण्याचा शब्द मी क्वचितच ऐकलाय. त्या रात्री जेवताना तिनं दोनदा ताटातला भात चिवडला, एवढंच.

त्यांच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी सारिकानं आम्हा दोघांना बोलावलं. मला वाटलं होतं, शहरातले शिकलेले लोक असलं काही करत नसतील. पण तिचा फोन आला, "झेंडूची फुलं आना घरची. हितं लई म्हाग हायत." आमच्या ह्यांना तर एवढं निमित्त पुरे. ह्यांनी पहाटे परडीभर झेंडू तोडला, आंब्याचे डहाळे घेतले, निरांजनाला म्हणून तेलाची बाटली घेतली. एसटीत फुलांची परडी मांडीवर धरून ताठ बसले होते. विंझर गेलं, नसरापूरचा फाटा गेला, हायवे लागला, तरी तसेच. कंडक्टर म्हणाला, "काका, लगीन कुनाचंय?" तर म्हणाले, "यंत्राचं."

आज आठवलं तरी हसू येतं. पण मी त्या दिवशी हसले नाही, खिडकीतून पुणं कधी येतं तेच बघत होते. शेवटी आत गेलो. लांबलचक खोली, खिडक्यांना काळा कपडा, आणि कोपऱ्यात पंपाचा आवाज, अगदी आमच्या गिरणीसारखा. पण पंप पीठ दळत नव्हता, नळीतली हवा ओढून काढत होता. मधोमध टेबलावर ती काचेची नळी. एका टोकाला हायड्रोजन यायचा. तो जिथं आत शिरायचा तिथं विजेनं गुलाबी झालेला असायचा, रानातल्या सोनकीच्या पिवळ्या गर्दीत एखादाच तेरडा उठून दिसावा तसा, त्या काळ्या खोलीत तो गुलाबी रंग. दुसऱ्या टोकानं ओझोन. दोघं भेटायचे तिथं मात्र काहीच दिसायचं नाही. आणि सगळा खेळ तिथंच चालला होता. मी त्या काहीच न दिसणाऱ्या जागेकडं इतका वेळ बघत राहिले की सारिकाच्या मॅडम जवळ येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही.

"काय दिसतंय, ताई?" त्यांनी विचारलं. पिकलेले केस, साधी सुती साडी, पायात कापडी बूट.

मी मान खाली घातली. जिभेवर होतं, वासरू दिसतंय. पण बोलले नाही.

खोलीत एक वास होता. तो मला ओळखीचा वाटला. आमच्या टेकावरच्या जांभळीवर वीज पडली होती, तेव्हा त्या बाजूनं असाच धारदार, स्वच्छ वास आला होता. सारिका म्हणाली तो ओझोनचाच, आणि वास आला म्हणजे कुठंतरी सांधा सुटलाय. ती पळत जाऊन पंखा लावून आली. मग मागून आणलेलं यंत्र दाखवलं. त्याला गार ठेवायला एका भांड्यातून पाण्यासारखं काहीतरी ओतत होते आणि त्यातून पांढरी वाफ टेबलावरून ओघळून जमिनीकडं जात होती. आमच्याकडं वाफ वर जाते. ही खाली जात होती. मी पायानं तिला शिवून बघितलं. गार होती.

यंत्र आणि बाहेरच्या टाकीची चावी बंद करून पूजा झाली. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की काचेला कुणी बोट लावायचं नाही, फुलं आणि कुंकू बाजूच्या स्टुलावर. तसंच केलं. नारळ बाहेर ओट्यावर फोडला. पोरापोरींनी पेढे वाटले. आणि मग हे बाहेरून आत आले, हात पुसत, चेहरा अगदी खुललेला.

"सारे, ती भायेर भित्तीला टाकी हाय का, हिरवी-काळी उभी, तिची चावी लई कोरडी व्हती. बंद करताना करकर वाजली. तेल सोडलंय तिला. आता लोन्यावानी फिरंल."

सारिकाच्या हातातला पेढा तसाच राहिला. "कुठली चावी, आप्पा?"

"एकच तर हाय. वरची."

मॅडम लगेच उठल्या, पण धावल्या नाहीत. "कुणी ती उघडली आहे का? आत्ता, पूजेनंतर?" सगळे म्हणाले नाही. "मग कुणीही उघडायची नाही. दार लावा आणि सगळे या बाजूला या."

तो ऑक्सिजनचा सिलिंडर होता. दाबून भरलेला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर चावी उघडताना पेट घेऊ शकतं. तिथं लाल अक्षरांत लिहिलेलंही होतं, पण इंग्रजीत. आमच्यात खंडेनवमीला लोखंडाला तेलाचं बोट लावणं म्हणजे माया. नांगराच्या फाळाला, पंपाच्या नटाला, सायकलच्या साखळीला, सगळ्याला हे लावतात. ज्यानं वर्षभर काम केलं त्याला कोरडं ठेवायचं नाही.

"लोखंडाला तेल चालत न्हाई?" ह्यांनी विचारलं. खरंच विचारत होते.

"याला नाही चालत, काका," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं. न सांगता गेला असतात तर उद्या सारिकानंच चावी उघडली असती."

ते ऐकून हे खाली बसले. फरशीवर, झेंडूच्या पाकळ्यांत.

सिलिंडर ज्यांचा होता ते लोक येऊन घेऊन गेले. वरची चावी, दाबाचा काटा, तांब्याची नळी, सगळं बदलायचं ठरलं, आणि नवं येईपर्यंत काम बंद. ओझोनसुद्धा त्याच ऑक्सिजनपासून बनायचा, त्यामुळं काहीच मोजता येईना. दसरा गेला. यंत्र नुसतं उभं. दिवाळी जवळ येत होती.

आमच्याकडं कापणी सुरू झाली. मी आजवर इतकी मुकाट कापणी पाहिली नव्हती. हे पुढं कापत जायचे, मी मागं पेंढ्या बांधत जायचे. एरवी हे बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारतात. त्या वर्षी डोकं वर काढलं नाही. एकदा बांधाला टेकून पाणी पिताना म्हणाले, "म्या पोरीच्या भाकरीवर पाय दिला."

"मुद्दाम दिला का?"

"न्हाई गं. पन पाय तो पायच."

मी पाण्याचा तांब्या घेतला आणि पेंढ्यांकडं वळले. पण गंमत अशी, की त्याच दिवसांत माझ्या डोक्यात ती नळी एखाद्या सणासारखी गाजत होती. पोरीची काळजी होती, ह्यांची होती, आणि तरी उन्हात उभं राहून भारा डोक्यावर घेताना मनात यायचं, आत्ता या क्षणी वर, तोरण्याच्याही वर, कुणालाही न दिसता ती जोडपी जन्मतायत आणि थरथरतायत. सिलिंडर असो नसो, त्यांचं थांबत नाही. मला वाटायचं, कुणाला तरी सांगावं. शेजारच्या खाचरात जाऊबाई कापत होत्या. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्हीदा "ऊन लई हाय न्हाई" एवढंच म्हणाले.

रोज फोनवर मी एकच विचारायचे, "आली का चावी?" सारिका म्हणायची, "न्हाई आली." हे जवळच उभे असायचे, पण फोन हातात घ्यायचे नाहीत.

मग एका संध्याकाळी तिचा आपणहून फोन आला. नवी चावी बसली होती, तपासून झाली होती. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी यंत्र खोक्यात भरून परत जायचं होतं, आणि तिच्याबरोबरची पोरं दिवाळीला आपापल्या गावी निघून गेली होती. "मी आन् मॅडम, दोघीच हाव. एवढ्याला चौघं तरी लागत्यात," ती म्हणाली. मी बघितलं, ह्यांनी विळा पडवीच्या वाशाला अडकवला होता.

पहिल्या एसटीनं गेलो. हे आत येईनात. बाहेर अशोकाच्या झाडाखाली उभे राहिले, तिथूनच म्हणाले, "तू जा. माजा हात लागायला नगं." सारिका बाहेर आली. तिनं त्यांच्या हातात साबणाची वडी दिली.

"कोपरापतूर धुवा, आप्पा. नखंसुदिक. मग त्या चावीपशी उभं ऱ्हायाचंय."

"मी?"

"दुसरं कोन हाय?"

ह्यांनी हात धुतले ते बघण्यासारखं होतं. तीनदा साबण लावला. पुसायला टॉवेल दिला तर आधी त्याचा वास घेतला. नव्या चावीशेजारी सारिकानं मराठीत पाटी लावली होती, तेल, तूप, ग्रीस लावू नये. ह्यांनी ती बोट ठेवून वाचली. "तूप बी न्हाई," असं स्वतःशीच म्हणाले.

सिलिंडर भिंतीपलीकडं, यंत्र भिंतीअलीकडं, मधे दार उघडं. ओझोन बनवायला लागणारा ऑक्सिजन वेगळ्या नळीनं आधीच चालू होता, ह्यांच्या हातातली चावी फक्त धक्क्याच्या ऑक्सिजनची. मॅडम दाबाच्या काट्याशी बसल्या. सारिका त्या गुलाबी टोकाशी. मला तिनं संगणकाच्या पडद्यापुढं बसवलं. पडद्यावर एक हिरवी रेघ उंचावर चालली होती, किंचित थरथरत. "ह्यो त्यांचा उजेड, आई," सारिका म्हणाली. "आप्पा ऑक्सिजन सोडतील तशी ही खाली यील. खाली यिऊन सरळ चालाया लागली की सांग. तंवर न्हाई."

मला न दिसणारा उजेड मी बघत होते. एक रेघच, पण बघत होते. माझे हात मांडीवर घट्ट धरलेले.

"सोडा, आप्पा. हळू."

रेघ हलली. खाली यायला लागली, जणू कुणी तिला हातानं उतरवतंय. भिंतीपलीकडून हे ओरडले, "आलं का?"

ती हाक मी आयुष्यभर ऐकत आलेय. लावणीच्या दिवसांत वरच्या खाचराचं तोंड हे उघडतात आणि मी सगळ्यात खालच्या बांधावर उभी असते. ह्यांना खालचं दिसत नाही, मला वरचं दिसत नाही. पाणी टोकाला पोचलं की मी सांगायचं, मग हे तोंड बुजवणार. आधी सांगितलं तर भात कोरडं, उशिरा सांगितलं तर बांध फुटणार. तिथं माझा आवाज तीन खाचरं ओलांडून जातो.

मॅडमनी काट्यावरून नजर उचलून माझ्याकडं बघितलं. रेघ अजून उतरत होती.

"न्हाई अजून," मी म्हणाले. बारीक आवाजात. भिंतीपलीकडं पोचलं नाही.

"काय म्हंतीस?"

"न्हाई अजून," मी ओरडले. "धरा तसंच."

रेघ सावकाश झाली. एकदा वर उचलल्यासारखी केली, मग बसली, आणि बसली ती सरळ चालायला लागली. मी आणखी थोडं थांबले, खाचराच्या कोपऱ्यात पाणी फिरायला जेवढं थांबते तेवढं.

"आलं," मी ओरडले. "आता आलं. थांबा तितंच."

पलीकडं चावी थांबली. सारिकानं बटण दाबलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका उमटला. मॅडम म्हणाल्या, "हा पहिला. असे जितके मिळतील तितके हवेत."

"सोडू का अजून?" पलीकडून आवाज आला.

सारिका तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "सोडा."

ठिपक्यांमागं ठिपके पडत गेले, तिरप्या ओळीत, दोरी धरून लावलेल्या रोपांसारखे. खोकं घेऊन माणसं दारात येऊन उभी राहिली तेव्हा सारिकानं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी ओळीवरून पेन्सिल फिरवली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पुरे. झालं तुझं." सारिका बाहेर गेली, आणि चावी धरून तसेच उभ्या असलेल्या ह्यांची बोटं तिनं एकेक करून सोडवली.